नाताळ, ख्रिसमस ट्री आणि "हे तर मूर्तिपूजकांचं आहे": दर डिसेंबरला मला विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात घोरपडीला राहते, आमच्या मराठी मंडळीत बरीच वर्षं संडे स्कूल घेते. नोव्हेंबर संपत आला की व्हॉट्सॲपवर तेच फॉरवर्ड फिरायला लागतात, ट्री म्हणजे निम्रोदचं (बायबलमधल्या एका जुन्या शिकाऱ्याचं) झाड, २५ डिसेंबर म्हणजे सूर्यदेवाचा वाढदिवस, खरा ख्रिस्ती नाताळ करत नाही वगैरे. मग मुलं विचारतात, मुलांच्या आया विचारतात, तरुण संघातली पोरं तर रात्री अकराला मेसेज करतात. मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरात यावरून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं, तेव्हाच ठरवलं की एकदा सगळं नीट लिहून काढायचं. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही, पण हा विषय गेली कित्येक वर्षं वाचतेय आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण यात आपल्या घरातली माणसं दुखावली जातात.

ताई, २५ डिसेंबर ही खरंच सूर्यदेवाची तारीख होती का?

अर्धं खरं आहे. रोममध्ये इ.स. ३५४ सालची एक दिनदर्शिका तयार झाली होती, तिच्या नकला आजही आहेत. तिच्यात एका यादीत २५ डिसेंबरला "अजिंक्याचा जन्म" अशी नोंद आहे, म्हणजे अजिंक्य सूर्याचा, आणि त्या दिवशी रथांच्या ३० शर्यती. त्याच दिनदर्शिकेत दुसऱ्या यादीत २५ डिसेंबरलाच ख्रिस्ताचा जन्म बेथलेहेमात झाला असंही लिहिलंय. दोन्ही एकाच ठिकाणी! आणि त्याच्या आधी सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचं मोठं देऊळ बांधून अर्पण केलं होतं हेही खरं आहे.

पण यावरून "चर्चने सूर्याचा सण चोरला" हे सिद्ध होत नाही. कारण आधी कोणी काय केलं हेच नक्की सांगता येत नाही, आणि दुसरं एक स्पष्टीकरण आहे जे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. जुन्या ख्रिस्ती लोकांमध्ये एक समज होता की येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू २५ मार्चला झाला, टर्टुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने साधारण २०० सालाच्या सुमाराला ही तारीख दिलेली आहे, आणि मरियेच्या उदरात तो आला तोही याच दिवशी असं लोक मानायला लागले. आता २५ मार्चपासून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे काही जण मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरायचे, तिथून नऊ महिने मोजले की ६ जानेवारी, आणि आर्मेनियन चर्च आजसुद्धा ६ जानेवारीलाच जन्म साजरा करतं. मला स्वतःला हा हिशोब बराच पटतो, पण सूर्याच्या सणाचा काहीच संबंध नव्हता असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चर्चने सूर्याच्या सणावरून मुद्दाम तारीख घेतली असं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं पहिल्यांदा सापडतं ते बाराव्या शतकातल्या एका सिरियाक (पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतल्या) लेखकाच्या पुस्तकाच्या समासात. म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी.

मग सूर्याचा आणि २५ तारखेचा संबंध आला कुठून?

रोमच्या जुन्या पंचांगात २५ डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात लहान दिवस धरायचे, तिथून दिवस मोठा व्हायला लागतो. आपल्याकडे हे समजावून सांगायला सोपं आहे, कारण संक्रांत. उत्तरायण खरं तर २१-२२ डिसेंबरला सुरू होतं पण आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, पंचांगाची गणितं हळूहळू सरकत जातात. तसंच तिकडे झालं. ज्या दिवसापासून उजेड वाढायला लागतो तो दिवस सगळ्याच लोकांना चांगला वाटतो, त्यात कोणाची मक्तेदारी नाही.

पण बायबलमध्ये तारीखच नाही ना?

नाही. लूकमध्ये मेंढपाळ आहेत, रात्र आहे, गव्हाणी आहे, तारीख नाही.

"नाताळ" हा शब्दच पेगन, म्हणजे मूर्तिपूजकांचा, आहे असं एक ब्रदर म्हणाले.

नाताळ आला पोर्तुगीजांबरोबर, त्यांचा शब्द नाताल, तो लॅटिन नातालिसवरून, अर्थ जन्माचा. हो, सूर्याच्या नोंदीतही हाच शब्द आहे. पण त्याच रोममध्ये ख्रिस्ती लोक हुतात्म्यांच्या मृत्यूच्या दिवसालाही नातालिस म्हणायचे, कारण त्या दिवशी ते देवाघरी जन्मले असं मानायचे. शब्द असा सगळ्यांच्या तोंडी असतो. आणि शब्दावरूनच ठरवायचं तर मग आपण चर्चला जातो तो वार कोणता? रविवार. रवि कोण? सोम, मंगळ, बुध, शनि, सगळे ग्रह, सगळ्यांची पूजा होते. पण आजवर एकाही मराठी ख्रिस्ती माणसाला रविवारी उपासनेला जाताना आपण सूर्याला नमस्कार करायला चाललोय असं वाटलेलं नाही.

निम्रोद, सेमिरामिस आणि तम्मुजची गोष्ट खरी आहे का? व्हिडिओत तर पुरावे दाखवले होते.

ही गोष्ट बहुतेक सगळी एका माणसापर्यंत जाते. अलेक्झांडर हिस्लॉप नावाचे स्कॉटलंडमधले एक पाळक होते, त्यांनी १८५३ मध्ये एक पत्रक काढलं आणि १८५८ मध्ये त्याचं मोठं पुस्तक केलं, सगळा रोख कॅथलिक चर्चवर, की तुमचं सगळं बाबेलहून आलंय. निम्रोद हा सेमिरामिस नावाच्या दंतकथेतल्या राणीचा नवरा, तो मेल्यावर बुंध्यातून सदाहरित झाड उगवलं आणि तेच ख्रिसमस ट्री, ही असली जोडणी त्यांची. बायबलमध्ये निम्रोदबद्दल उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात थोड्या ओळी आहेत, तो पराक्रमी शिकारी होता एवढं आहे, बायको नाही, झाड नाही. तम्मुज हा बाबेलकडचा देव बायबलमध्ये आहे, यहेज्केल ८ मध्ये बायका त्याच्यासाठी रडतायत, पण २५ डिसेंबर तिथे कुठेच नाही. मिथ्रा या रोमन काळातल्या देवाचंही तसंच, तो खडकातून जन्मला अशी चित्रं आहेत, पण त्याचा जन्मदिवस २५ डिसेंबर होता असं सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही.

मला याचा राग येतो, खरंच येतो. नाताळ करू नका असं कोणाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर तो वेगळा विषय, त्याचा मी मान ठेवीन, पण खोट्या माहितीवर दुसऱ्याच्या घरातला आनंद मोडायचा आणि वर ते प्रभूच्या नावाने करायचं? दहा आज्ञांमध्ये खोटी साक्ष देऊ नका हीसुद्धा एक आज्ञा आहे.

यिर्मया १० मध्ये झाड सजवायला मनाई आहे की.

हा अध्याय कृपया पूर्ण वाचा, दोन ओळींचा स्क्रीनशॉट नका वाचू. रानातून लाकूड तोडतात, कारागीर हत्याराने ते घडवतो, सोन्यारुप्याने मढवतो, हलू नये म्हणून खिळे ठोकतो. आणि पुढे? पुढे म्हटलंय की त्यांना बोलता येत नाही, चालता येत नाही, उचलून न्यावं लागतं, त्यांना भिऊ नका. हे वर्णन लाकूड कोरून केलेल्या मूर्तीचं आहे. यिर्मयाच्या काळात, म्हणजे सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वी, ख्रिसमस ट्री ही वस्तूच नव्हती.

ट्री मग कुठून आलं?

जर्मनीच्या भागातून, आणि तेही बऱ्यापैकी अलीकडे. मध्ययुगात तिकडे २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस पाळायचे, एदेन बागेची नाटकं व्हायची आणि त्यात सफरचंदं लटकवलेलं सदाहरित झाड असायचं. १६०५ सालच्या स्ट्रासबर्गच्या एका वर्णनात लोक घरात झाड आणून त्याला कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं लावतात असं आहे. इंग्लंडमध्ये ते सगळीकडे पसरलं राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्टचं झाडाबरोबरचं चित्र १८४८ मध्ये छापून आलं तेव्हा, आणि इंग्रजांबरोबर ते कॅन्टोन्मेंटमध्ये, म्हणजे आपल्या कॅम्पात. म्हणजे ट्री हे ख्रिस्ती जर्मनांच्याच घरातलं.

थंडीत घराला हिरव्या डहाळ्या लावायची पद्धत मात्र ख्रिस्ती धर्मापेक्षा जुनी आहे, रोमन लोक लावायचेच. आणि आठव्या शतकात बोनिफास नावाच्या मिशनऱ्याने जर्मनीत गाइस्मार इथे लोक पूजत असलेला ओक तोडला होता, त्याच्या लाकडातून प्रार्थनागृह उभं केलं. त्या ओकच्या जागी फरचं रोपटं उगवलं आणि तेच पहिलं ख्रिसमस ट्री, हे पुढच्या लोकांनी जोडलेलं, ते नका सांगू मुलांना.

सांताक्लॉज?

सांता पेगन नाही, तो मूळचा निकोलस, चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. त्याची सगळ्यात प्रसिद्ध दंतकथा काय आहे माहितीय? एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत, आणि निकोलसने रात्री गुपचूप घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. ही गोष्ट मी संडे स्कूलमध्ये सांगते तेव्हा मागे बसलेल्या आयांचे चेहरे बघण्यासारखे असतात, हुंडा म्हटल्यावर आपल्याकडे वेगळं काही समजवावं लागत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की पोरांना लाल टोपी लक्षात राहते आणि बाळ येशू विसरला जातो. ती काळजी मूर्तिपूजेची नाही, आपण घरी काय सांगतो त्याची आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना हे चाललं असतं का?

सगळ्यांना नाही, आणि हे मान्य करायला हवं. टर्टुलियन तर फार कडक होता, ख्रिस्ती लोक सॅटर्नेलियाच्या दिवसांत, म्हणजे १७ डिसेंबरपासूनच्या रोमन उत्सवात, भेटवस्तू देतात-घेतात, दाराला लॉरेलच्या डहाळ्या आणि दिवे लावतात म्हणून त्याने चांगलंच झापलंय. ओरिगेन हा जुना ख्रिस्ती विद्वान म्हणायचा की पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे कोण, तर फारो आणि हेरोद! पाचव्या शतकात पोप लिओने प्रवचनात तक्रार केलीय की काही ख्रिस्ती लोक सेंट पीटर्स चर्चच्या पायऱ्या चढून गेल्यावर मागे वळून उगवत्या सूर्याला मान लववतात. म्हणजे सरमिसळीची भीती खोटी नव्हती, माणसं खरंच दोन्हीकडे हात जोडत होती.

आणि मग ६०१ सालचं पोप ग्रेगरीचं पत्र आहे, इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या मिशनऱ्याला लिहिलेलं. त्यात तो सांगतो की तिथली देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच खऱ्या देवाची उपासना करा, लोक बैल कापून सण करतात तर तेही करू द्या, फक्त देवाचे आभार मानून. त्याचं म्हणणं होतं की उंचावर चढणारा माणूस पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही. मला हे पत्र फार शहाणपणाचं वाटतं. टर्टुलियनचंही मी ऐकते, तो अशा काळात लिहीत होता जेव्हा सम्राटापुढे चिमूटभर धूप जाळायला नाही म्हटलं की जीव जायचा, तेव्हा दारावरच्या दिव्याचा अर्थ वेगळा होता.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की इतर राष्ट्रं देवांची सेवा कशी करतात ते विचारू नका आणि तसं करू नका. याला काय उत्तर?

हा सगळ्यात वजनदार प्रश्न आहे, निम्रोदसारखा हवेतला नाही. आणि याच्याबरोबर निर्गम ३२ पण घ्या, सोन्याचं वासरू केल्यावर मोशेचा भाऊ अहरोन म्हणतो, उद्या परमेश्वराचा सण आहे. म्हणजे नाव परमेश्वराचंच होतं! तरी देवाला ते चाललं नाही. जे लोक म्हणतात "आम्ही करतो ते प्रभूसाठी करतो, मग मूळ काहीही असो", त्यांनी हा अध्याय वाचून थोडं थांबावं. मी पण थांबले होते, दोन वर्षं आमच्या घरात ट्री नव्हतं.

पण मग बाकीचं पवित्र शास्त्रही वाचावं लागतं. अनुवाद १२ च्या शेवटी देव कशाला ओंगळ म्हणतो ते सांगितलंय, ते लोक पोटची मुलं आगीत जाळत होते. वासरू ही तर पूजेची मूर्तीच होती. दुसरीकडे शलमोनाचं मंदिर बघा, त्याच्या कामाला सोरचा राजा हीराम लाकूड आणि कारागीर पाठवतो, खांब, अंगण, गाभारा ही रचना आजूबाजूच्या राष्ट्रांच्या देवळांसारखीच होती, आणि त्या मंदिरात देवाचं तेज उतरलं. पौल अथेनै शहरात उभा राहून ग्रीक कवींची ओळ घेतो, जी त्यांनी झ्यूसबद्दल लिहिली होती, आणि ती जिवंत देवाला लावतो. येशू स्वतः योहान १० मध्ये यरुशलेमेत पुनःप्रतिष्ठेच्या सणाला आहे, तो सण मोशेच्या नियमशास्त्रात कुठे आहे? लोकांनी नंतर सुरू केलेला.

आणि उलट बाजूचं उदाहरणही आहे. मोशेने रानात उभारलेला पितळेचा साप, देवानेच सांगितला होता, मूळ शंभर टक्के शुद्ध. शेकडो वर्षांनी लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, २ राजे १८ मध्ये आहे. माझं मत या सापापाशी पक्कं झालं. मूळ चांगलं असूनही वस्तू बिघडू शकते, तशी मूळ दुसरीकडचं असूनही ती देवाच्या कामी येऊ शकते. आज, आत्ता, तुमच्या घरात ती वस्तू कोणापुढे हात जोडायला लावतेय एवढं बघा.

नाताळ अजिबात न पाळणारे ख्रिस्ती असतात का? की ते पंथभ्रष्ट आहेत?

असतात, आणि पूर्वी तर पुष्कळ होते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्दच केला होता, प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट लोकांचा जोर होता तेव्हा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ मध्ये कायदा झाला, नाताळ पाळताना सापडलात तर पाच शिलिंग दंड, तो १६८१ पर्यंत होता. आणि स्कॉटलंड, जिथून आपल्याकडे मिशनरी आले, शाळा काढल्या, तिथे नाताळच्या दिवसाला सगळ्यांना सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडलं! म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना ज्यांनी सुवार्ता सांगितली त्यांच्यातल्या काहींच्या घरी लहानपणी नाताळ हा साधा कामाचा दिवस असणार. ते प्रभूवर कमी प्रेम करत होते का?

यहोवा विटनेसचे लोक पाळत नाहीत हे तुम्हाला माहिती असेल, त्यांची शिकवण बाकी बाबतीत खूप वेगळी आहे त्यामुळे इथे नाही जात त्यात. पण पुण्यात बऱ्याच हाउस चर्चमध्येही नाताळ करत नाहीत आणि ती आपलीच भावंडं आहेत. रोमकरांस १४ यासाठीच लिहिलंय, कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, एकमेकांना तुच्छ मानू नये. कलस्सैकरांस २ मध्येही सणवारांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असंच आहे. दोन्ही बाजूंना लागू आहे ते.

ताई, मग रांगोळी, आकाशकंदील, करंज्या यांचं काय? ते तर "हिंदूंचं" ना?

खरं सांगू का, हे सगळं पान मी या एका प्रश्नासाठी लिहायला घेतलं.

मी नऊ वर्षांची होते. आजोबा रेल्वेत होते, आमचं क्वार्टर होतं. आजी मूळची नगर जिल्ह्यातली. नाताळच्या आदल्या दिवशी ती दुपारीच दारापुढची जागा गेरूने सारवायची आणि संध्याकाळी टाल्कम पावडरच्या जुन्या डब्यातून रांगोळी काढायची, ठिपके मांडून मोठी चांदणी, मधे गव्हाणी, गव्हाणीत एक छोटंसं पानासारखं काहीतरी, ते बाळ. चिमटीतून ती इतकी बारीक रेघ सोडायची की मला वाटायचं दोरा टाकतेय. त्या वर्षी कॅरल पार्टी आली, सोबत तेव्हाचे पाळक होते. ते दारातच थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, बाई, हे आपलं नाही, हे मूर्तिपूजकांचं आहे, पुसून टाका. आजी काही बोलली नाही. आत मोरीत गेली, फडकं ओलं करून आणलं, उकिडवी बसली आणि पुसलं. चांदणी आधी, मग गव्हाणी. पांढरं गेलं पण गेरूवर ओला पट्टा राहिला, आणि त्या पट्ट्यावर उभं राहून कॅरल पार्टीने दोन गाणी म्हटली. तिने सगळ्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चर्चला गेलो. तिथे वेदीच्या बाजूला ट्री होतं, त्यावर कापसाचा बर्फ.

मला तेव्हा काही म्हणता आलं नाही पण आता म्हणते. जर्मनीतलं झाड चालतं, युरोपातली मिसलटो कार्डावर चालते, जिच्याबद्दल रोमन लेखक प्लिनीने ड्रुइड पुजारी ती पवित्र मानून ओकवरून कापायचे असं लिहून ठेवलंय, आणि माझ्या आजीची रांगोळी चालत नाही? दोन्हीकडे मोजायची फूटपट्टी एकच पाहिजे. मूळ बघून नाकारायचं असेल तर ट्री, डहाळ्या, अंगठी, रविवार सगळंच सोडा. आणि हेतू बघून स्वीकारायचं असेल तर मग रांगोळीला, कंदिलाला, अभंगाला तोच न्याय द्या. साहेबाने आणलं ते आपोआप ख्रिस्ती आणि आईने शिकवलं ते आपोआप मूर्तिपूजा, हे पवित्र शास्त्रात कुठे लिहिलंय?

करंज्या, शंकरपाळे, चकल्या आमच्याकडे नाताळच्या फराळात पहिल्यापासून आहेत आणि केकच्या शेजारीच ठेवतात. मैदा-रवा-सारणाला धर्म नसतो. चांदणीचा कंदील तर बघा, जी कागदी टोकदार चांदणी आपण लावतो तशीच एक चांदणी जर्मनीत मोरावियन ख्रिस्ती लोकांच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमिती शिकवायला केली होती, आणि आपल्याकडे ती दिवाळीच्या आकाशकंदिलाच्याच कारागिरीने होते, त्याच बांबूच्या काड्या, तीच खळ. बोहरी आळीत एकाच दुकानात आधी कंदील लटकतात, मग चांदण्या.

मंगळसूत्र, हळद, मेंदी?

आमच्या मंडळीत निम्म्याहून जास्त बायका मंगळसूत्र घालतात, कितीतरी जणींच्या त्यात क्रूस असतो. माझ्यापण. ज्यांना नको वाटतं त्या घालत नाहीत.

पण आपल्या मोठ्या लोकांनी असं कधी केलंय का?

केलंय की! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिक येशूसंघाचे धर्मगुरू, त्यांनी गोव्यात बसून क्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये छापलं, सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. पुराण हा शब्द आणि ओवी हा छंद, दोन्ही आपल्याकडचे, आणि गोष्ट येशूची. तिकडे मदुराईत रॉबर्ट डी नोबिली गंध लावून, संन्याशासारखे राहून सुवार्ता सांगायचे, त्यावर एवढं वादळ झालं की प्रकरण रोमला गेलं आणि १६२३ मध्ये पोपने परवानगी दिली. नगर रोडला डी नोबिली कॉलेज आहे ते त्यांच्याच नावाचं. पुढच्या शतकात मात्र रोमनेच अशा बऱ्याच पद्धतींवर बंदी घातली, म्हणजे वाद मिटला नाहीच.

आणि आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या आधी आपल्या चर्चमधली बरीचशी गाणी इंग्रजी चालींवरची भाषांतरं होती. त्यांनी अभंग दिले, कीर्तन उभं केलं. मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. आज आपण त्यांची भजनं उभं राहून म्हणतो आणि कोणाच्या मनात येत नाही की टाळ कुठून आले. तर मग रांगोळीनेच काय पाप केलं?

याची दुसरी बाजूही पुण्यातलीच आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि बाकी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं दिली गेली, नावं छापून आली आणि केवढा गदारोळ, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्तं. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा प्यायला म्हणजे धर्म बाटला! आज ते वाचताना आपल्याला वाईट वाटतं. आणि आपण शेजारणीने दिलेल्या दिवाळीच्या ताटाकडे त्याच नजरेने बघतो तेव्हा? पौल करिंथकरांना सांगतो की मूर्ती काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे, बाजारात विकतात ते खा, विचारत बसू नका. पुढे असंही सांगतो की समोरच्या भावाची सद्सद्विवेकबुद्धी दुखावत असेल तर थांबा. मी दोन्ही पाळायचा प्रयत्न करते.

घरात दोन मतं आहेत. सुनेला ट्री नको, सासूबाईंना हवं. काय करायचं?

आधी फॉरवर्ड बंद करा, दोन्हीकडचे. मग सुनेला विचारा की नेमकं काय टोचतंय. बऱ्याचदा असं निघतं की ती ज्या घरातून प्रभूकडे आली तिथे मूर्तिपूजा फार जवळून पाहिलीय, आणि सजवलेल्या वस्तूपुढे घरातले सगळे गोळा झालेले दिसले की तिला ते आठवतं. हे खरं दुखणं आहे, त्याला "तू जास्तच आध्यात्मिक झालीयस" म्हणून उडवू नका. सासूबाईंनाही ऐका, त्यांच्यासाठी ते झाड म्हणजे गेलेल्या नवऱ्याने कॅम्पातून सायकलवर बांधून आणलेलं झाड असतं. ज्या घराचं मी वर लिहिलं तिथे शेवटी असं झालं की ट्री सासूबाईंच्या खोलीत गेलं आणि हॉलमध्ये गव्हाणी मांडली. फेब्रुवारीत दोघी बोलायला लागल्या.

गव्हाणीची कल्पना, सांगते जाता जाता, संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेचिओ गावात खरा बैल, खरं गाढव आणून सुरू केली. त्यात पेगन काही शोधूनही सापडणार नाही, त्यामुळे मतभेद असलेल्या घरांना मी तीच सुचवते.

तुमच्या घरी या वर्षी काय काय असणार?

ट्री आहे, छोटं, मुलीला हवं होतं. चांदणी गॅलरीत लागली. करंज्या २२ तारखेला, शेजारच्या काकू सारण घेऊन येतात, मी पाऱ्या लाटते. त्यांच्या दिवाळीला मी जाते.

आणि दारापुढे रांगोळी. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, तो पावडरचा डबा माझ्याकडे आहे, त्याच्या झाकणाला तिने खिळ्याने पाडलेली भोकं आहेत. माझी रेघ तिच्यासारखी बारीक येत नाही. आमचे आत्ताचे पाळक दोन वर्षांपूर्वी कॅरल पार्टीबरोबर आले तेव्हा दारात थांबले, माझ्या छातीत धस्स झालं. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पोरांना म्हणाले, जपून, गव्हाणीवर पाय देऊ नका, कडेने या.